जुना डिझेल ट्रक, पावसाळा ते दिवाळी: गाडी गुणाची, प्रायमर वैताग

मायलेज, पिकप, पासिंग यावर लिहीत नाही, ते सगळ्यांना ठाऊक आहे. लिहितोय फक्त पहाटेच्या सेल्फबद्दल (स्टार्टरबद्दल) आणि त्या हँड प्रायमरबद्दल, म्हणजे डिझेलच्या वाटेतली हवा हातानं दाबून काढायच्या छोट्या पंपाबद्दल.

संध्याकाळी बेळगाव मार्केटात भाजी भरून गाडी दारात लावायची, पहाटे तीनला गोव्याकडं चोर्ला घाटाची वाट धरायची, हा आमचा धंदा. घाटात गाडी दमत नाही. इंजिनात डिझेल दाबणारा पंप यांत्रिक, त्यामुळं स्कॅनर-सेन्सरची कटकट नाही. पण रात्रभर थांबली की कधी अर्ध्या सेल्फला सुरू, कधी बॅटरी बसेपर्यंत नुसती घरघर. रोज बिघडली असती तर मिस्त्रीला दाखवता तरी आली असती. त्याच्यासमोर ती शहाण्यासारखी सुरू व्हायची.

हे पंप दुरुस्त करणाऱ्या एकानं बॉनेट न उघडताच निकाल दिला: पंप उतरवा, कॅलिब्रेशन करा, चारही नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी तोंडं) बदला. मी म्हटलं, साहेब, पंप झिजला तर त्रास गरम इंजिनला जास्त व्हायला पाहिजे, डिझेल पातळ होऊन आतल्या आत गळतं. माझी गाडी गरम असली की बोट लावताच सुरू होते. त्यावर त्याचं उत्तर, "मग तुम्हीच करा की." केलं.

सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर आला तर डिझेल नोझलपर्यंत पोचतंय. माझ्याकडं धूरच नाही. गाडी उतारावर तोंड खाली करून लावली की सुरू, चढावर लावली की रुसलेली. टाकी भरलेली असली तरी सुरू (अर्थात टाकी फुल्ल करणं माझ्या स्वभावात नाही). म्हणजे रात्रीत डिझेल मागं टाकीत उतरतंय, कुठनं तरी एअर घेतीय. ओढणाऱ्या बाजूची गळती थेंब टाकत नाही, हवा आत घेते. म्हणून खाली कितीही वाकून बघा, सगळं कोरडं.

चाळीस रुपयांची पारदर्शक नळी आणली. फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या) आधी लावली, डिझेल स्वच्छ, बुडबुडा नाही. टाकी, पाइप सुटले. मग पंपापुढं, फिल्टरकडं लावली, तर सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे! नोझलवर हजारो घालवणार होतो, त्या दिवशी मी घरी जिलेबी नेली. (नळी काम झाल्यावर काढा, डिझेलनं ती कडक होऊन तडकते.)

बँजो बोल्टचे (डिझेलचा पाइप पंपाला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर बदलले. दाबून चपटे झालेले जुनेच परत बसवायची सवय सगळ्या गॅरेजांना आहे. "वायसर बदला, गाडी नवी," असं इथं लिहून मोकळा होणार होतो, तोवर गणपती झाले आणि परत तेच. आता उरला फीड पंपावरचा प्रायमर. त्याच्या दांड्याभोवती ग्रीस थापून रात्रभर ठेवलं, पहाटे पहिल्या सेल्फला सुरू. म्हणजे एअर काढायला दिलेली वस्तूच एअर आत घेत होती. आतला दट्ट्या झिजलेला. नवा प्रायमर पाचशेच्या आत आला, तेव्हापासून गप्प आहे.

पण ती जागा! चेसिस आणि इंजिनच्या सांदीत, टॉर्च दातात धरून, बोटांची सालं काढत दाबायचा. इंजिनला माझे पैकीच्या पैकी, ही जागा ठरवणाऱ्याला काही नाही.

दिवाळीत वेगळंच सुरू झालं: गरम गाडीला नुसतं टक्, सेल्फ फिरेना. बॅटरीवाला नवी बॅटरी गळ्यात मारायला तयार, जुनी 12.6 व्होल्ट दाखवत असताना. मल्टिमीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिन ब्लॉकला धरली आणि पोराला सेल्फ मारायला लावला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसची गाडीशी जोडणी, खराब. इथं एकाच्या वर. अर्थची पट्टी सोडली, पॉलिश पेपरनं घासली, बोल्ट आवळला. खर्च शून्य.

अशी जुनी गाडी कुणी घेत असेल तर सकाळी लवकर, न सांगता बघायला जा. मालकानं आधीच गरम करून ठेवलेली दिसली तर चहा पिऊन परत या.