बोहरी आळीतली हीट गन: साडेतेराशे रुपये आणि एक पावसाळा

ही हीट गन, म्हणजे हेअर ड्रायरसारखं पण कितीतरी जास्त गरम हवा फेकणारं यंत्र, घेऊन आठ महिने झाले. फेब्रुवारीतच लिहिलं असतं तर पाचपैकी पाच देऊन मोकळा झालो असतो. मुद्दाम पावसाळा उलटेपर्यंत थांबलो.

गाडी २०१२ ची पल्सर १५०. पुण्यात धनकवडीत आमच्या सोसायटीला शेड नाही, त्यामुळे दुपारी बारापासून मावळेपर्यंत ऊन थेट गाडीवर. इंजिन ठणठणीत, पण मागचं काळं मडगार्ड इतकं पांढरट पडलं होतं की मुलगा विचारायचा, "बाबा, गाडीला भस्म फासलंय का?" टायर पॉलिश लावून पाहिलं होतं. दोन दिवस गाडी नवरीसारखी चमकली, मग वळवाच्या एकाच सरीत ते सगळं तेलकट ओघळ होऊन माझ्या पँटवर आलं. नाना पेठेत नवीन मडगार्ड विचारलं. ओरिजिनल नव्हतं, आणि जे लोकल होतं ते हातात घेतल्यावर पुठ्ठ्यासारखं वाकलं. ठेवून आलो.

मग पांढरट प्लास्टिक गरम हवेने पुन्हा काळं करायचं ठरवलं आणि गन घ्यायला हार्डवेअरच्या दुकानांची बोहरी आळी गाठली. सोन्या मारुती चौकाच्या बऱ्याच अलीकडे गाडी लावली आणि हातगाड्यांमधून अंग चोरत आत गेलो. गनचं नाव सांगत नाही, कारण सांगून उपयोग नाही: दुकानात तीच गन तीन वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत होती. "यातली चांगली कोणती?" म्हटलं, तर मालक म्हणाले, "खोकं आवडेल ती घ्या." गॅरंटी? "इथं प्लगला लावून दाखवतो. गरम झाली की तुमची." झाली गरम, झाली माझी.

गनवर १८०० वॉट छापलंय आणि बटणाला दोन पायऱ्या आहेत, ३५० आणि ५५० अंश. १८०० वॉट म्हणजे आठेक अँपियर. हे गणित मी घरी आल्यावर केलं, तेही पार्किंगमधल्या साध्या सहा अँपियरच्या सॉकेटला गन लावून जिन्यातले दिवे घालवल्यावर. वॉचमनकाका काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. वायर जेमतेम दीड मीटर, त्यामुळे वॉशिंग मशीनचा पॉवर प्लग सोडला तर दुसरा मार्ग नव्हता. दहाच्या पान्याने मडगार्ड सोडवलं आणि गॅलरीत घेऊन बसलो. सोडवलं हे बरंच झालं. गाडीवर असताना हे करू नये, शेजारीच टेल लाइटची वायर असते.

खरी मेहनत धुण्यात गेली. पॉलिशचा थर राहिला तर तो धुरकटतो, म्हणून भांड्यांचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घेऊन तीनदा घासलं. पूर्ण वाळू दिलं. मग कमी पायरीवर, चार बोटं लांबून, गन सतत हलती ठेवून सुरुवात केली. तीन-चार सेकंद काहीच होत नाही. आणि मग कोरडी फरशी ओली होत जावी तशी काळी कड पुढे सरकायला लागते. राखाडी भाग तिच्यापुढे मागे हटतो. पहिली वीतभर पट्टी झाल्यावर मी बायकोला हाक मारली. तिने पाहिलं, "बरंय" म्हणाली आणि गॅलरीत वास किती येतोय ते सांगितलं.

हे का होतं, तर उन्हाने प्लास्टिकचा वरचा पापुद्रा खडबडीत होतो, त्यावर उजेड विखुरतो आणि काळं पांढरट दिसतं. उष्णतेने तो थर किंचित वितळून सपाट होतो, की आतला काळा पुन्हा दिसतो. नवीन रंग कुठून येत नाही. उन्हापासून वाचवणारी जी रसायनं मुळात प्लास्टिकमध्ये असतात, तीही परत येत नाहीत. दरवर्षी भाजत बसलात तर मडगार्ड ठिसूळ होणार.

दुसरी गोष्ट मला आरशाने शिकवली. मडगार्ड साधलं म्हणून हुरूप आला आणि काच काढून आरशाचं कव्हर धरलं. दहा सेकंदांत त्याची कड आत मुडपली आणि एक रुपयाएवढा चकचकीत डाग पडला, दाणेदारपणा साफ गेला. भाग उलटा करून आतलं कोरलेलं बघायला पाहिजे होतं. मडगार्डवर 'पीपी' होतं, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, १६० अंशांच्या आसपास वितळणारं. आरशावर 'एबीएस' होतं, ते वेगळं प्लास्टिक, १०० च्या पुढे गेलं की मऊ पडायला लागतं. गनचा दोष नाही, माझाच. पण खोक्यातल्या कागदावर एवढी एक ओळ छापायला काय हरकत होती? त्यावर फक्त रंग खरवडणाऱ्या एका हसऱ्या गोऱ्या माणसाचा फोटो आहे.

मडगार्डच्या मधोमध टेप लावून उजव्या अर्ध्यावर ट्रिमसाठीचं, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या प्लास्टिकसाठीचं, सिरॅमिक कोटिंग (वरून लावायचा संरक्षक थर) दिलं होतं, डावा अर्धा नुसता भाजलेला ठेवला. जूनपर्यंत दोन्ही सारखे. पावसात दोन्ही टिकले, पँटही वाचली. सप्टेंबरमध्ये ऊन परतलं तसा डावा अर्धा राखाडी व्हायला लागला. आता मधली रेघ लांबूनही दिसते. उजव्यावर पूर्वीसारखे पाण्याचे थेंब उभे राहत नाहीत, पण काळेपणा आहे. डावी बाजूच पश्चिमेला असते, त्यामुळे सामना अगदी बरोबरीचा नव्हता, हेही सांगतो.

पाचपैकी साडेतीन. अर्धा वायरसाठी कापला, एक त्या कागदासाठी. नळी नंतर दहा मिनिटं तापलेली राहते आणि गन उभी ठेवायला स्टँड नाही, फरशीवर आडवी ठेवावी लागते. बाकी यंत्र दणकट आहे. घरात तिचा सगळ्यात जास्त वापर बायको करते, लोणच्याच्या बरण्यांवरची लेबलं काढायला. मडगार्डचा डावा अर्धा दिवाळीआधी पुन्हा भाजायचाय, तेव्हा मला तिच्याकडून मागून घ्यावी लागेल.