अकरा आठवड्यांचे पथ्य आणि एका रात्रीचा रिसोटो

गेले अकरा आठवडे मी डाएटवर होतो. दिवसाला १६०० कॅलरी, त्यावर एक कणही नाही, असा नेम होता आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एक छोटा वजनकाटा कायमचा मुक्कामाला आला होता. साडेपाच किलो वजन उतरले, ही जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी की या अकरा आठवड्यांत पत्नीने आणि मी एका भांड्यातले काहीही वाटून खाल्ले नव्हते. ती तिचे जेवण जेवत असे, मी उकडलेली अंडी आणि तोलून घेतलेली काकडी पुढ्यात घेऊन बसत असे, आणि तिच्या घासाकडे माझी नजर इतक्यांदा जाऊ लागली की अखेर तिने एके दिवशी सांगून टाकले, "गुरुवारी रात्री आपण बाहेर जेवायला जातोय. तुझा काटा घरीच राहील."

हे परीक्षण अशा रीतीने, डाएट जाणूनबुजून मोडण्यासाठी निवडलेल्या एका रेस्टॉरंटचे आहे. एरवी चव, टापटीप आणि बिल एवढे पाहिले की परीक्षणाचे काम भागते. मी मात्र या वेळी प्रत्येक ताटलीला आणखी एक प्रश्न विचारला, तो असा की हिच्यासाठी नेम मोडला ते योग्य झाले का. रेस्टॉरंटचे नाव देत नाही, कारण पुढे एक तक्रार यायची आहे आणि तिथल्या माणसांनी ती ज्या नेकीने निस्तरली ते पाहता तिला नावानिशी चव्हाट्यावर आणणे मला बरे वाटत नाही. युरोपीय पद्धतीचे पदार्थ, बारा-चौदा टेबले, एका पानाचा मेन्यू आणि तो डोळे न ताणता वाचता येईल एवढा उजेड, इतके वर्णन जागेबद्दल पुरे आहे.

मेन्यू मला तोंडपाठ होता हे कबूल केलेले बरे, कारण तीन दिवस मी तो फोनवर उघडून वाचत होतो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून उपासमारीचे परिणाम अभ्यासले होते. त्यांच्यापैकी कित्येक जण पुढे पुढे पाककृतींची पुस्तके कादंबरीसारखी वाचू लागले होते. माझे उपाशीपण त्यांच्या पासंगालाही पुरणार नाही, पण मेन्यूवरच्या ‘भाजलेले बटर’ या दोन शब्दांशी मी बुधवारी दुपारी कामाच्या वेळेत किती मिनिटे अडकलो होतो, हे मी घरी सांगितलेले नाही.

सुरुवात ब्रेडने झाली आणि तिथेच रेस्टॉरंटने निम्मी बाजी मारली. टोपली टेबलावर आली तेव्हा ब्रेडला अजून धग होती. कड गडद तपकिरी, जवळजवळ करपण्याच्या सीमेवर नेऊन थांबवलेली, आणि तुकडा मोडताना शेजारच्या टेबलाला ऐकू जाईल असा आवाज करणारी. या तपकिरी रंगामागची रासायनिक क्रिया, म्हणजे प्रथिनांतली अमिनो आम्ले आणि साखर यांचा उष्णतेत होणारा संयोग, लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली. कड जितकी धीराने भाजावी तितका तिचा वास खोल होतो, आणि इथल्या भट्टीवरच्या माणसाकडे तो धीर आहे. आतला भाग ओलसर, मोठ्या छिद्रांचा, किंचित आंबूस होता.

ब्रेडसोबत मातीच्या लहानशा वाटीत बटर होते. ते फ्रीजमधून काढून तसेच दगडासारखे आणून ठेवले नव्हते. सुरी टेकताच ती आत जावी इतके ते मऊ होते आणि वर जाडसर मिठाचे पापुद्रे भुरभुरलेले होते. बटरचा सुमारे ८० टक्के भाग निव्वळ स्निग्धांश असतो आणि स्निग्धांशाच्या एका ग्रॅमात ९ कॅलरी असतात, प्रथिने किंवा पिष्टमय पदार्थांच्या दुपटीहून अधिक. अकरा आठवडे ही गोष्ट मी मंत्रासारखी घोकत आलो होतो. पहिला तुकडा तोंडात घातला तेव्हा आधी मिठाचा कण दाताखाली फुटला, मग बटर विरघळून जिभेवर पसरले आणि शेवटी कडेचा कडवटपणा आला, आणि मंत्राचा मला साफ विसर पडला. मी चार तुकडे खाल्ले. पत्नीने टोपली हळूच तिच्या बाजूला सरकवली. त्यात माझ्या पथ्याची काळजी किती आणि ब्रेडची किती, हे मी विचारले नाही.

सॅलडबद्दल थोडक्यात. ते मी चोरट्या मनाने मागवले होते, जणू एक ताटली पालेभाजी खाल्ली की उरलेल्या जेवणाला माफी मिळणार होती. ड्रेसिंग वेगळे द्या असे सांगूनही ते सगळ्या पानांवर ओतून आले, वर तळलेले ब्रेडचे तुकडे आणि चीजचा सडा. एका मोठ्या चमचाभर तेलात १२० च्या आसपास कॅलरी असतात आणि या ताटलीत तसे दोन-तीन चमचे तरी असावेत. चव वाईट नव्हती. पण डाएट मोडायचेच असेल तर ते सॅलडसाठी मोडणे म्हणजे शुद्ध नुकसान आहे, आणि या रेस्टॉरंटमध्ये तो पदार्थ कोणी मागवू नये असे माझे मत आहे.

मशरूमच्या रिसोटोसमोर मेन्यूत बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘तयार होण्यास वीस मिनिटे लागतील’. ही ओळ मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक भरवशाची वाटते. रिसोटोचा आखूड, जाड तांदूळ थोडा थोडा गरम रस्सा घालत आणि ढवळत शिजवावा लागतो. त्या घासाघाशीत दाण्यावरचे पिष्ट सुटते आणि त्यातूनच पदार्थाला दाटपणा येतो. याला पंधरा-अठरा मिनिटे लागतात. घाईच्या स्वयंपाकघरात तांदूळ आधी अर्धाकच्चा शिजवून ठेवतात आणि ऑर्डर आल्यावर क्रीम घालून वेळ मारून नेतात. तसा रिसोटो ताटलीत गोळा होऊन बसतो. आमचा बसला नाही. वाढणाऱ्या तरुणाने ताटली टेबलावर ठेवताना तिला जरासा धक्का लागला आणि पातळसर लाट एका कडेकडून दुसऱ्या कडेला जाऊन स्थिरावली, हे मी अगदी जवळून पाहिले. दाणा बाहेरून मऊ होता, आत दाताला किंचित अडत होता. शेवटी आच बंद करून त्यात गार बटर आणि जुने, किसलेले चीज फेटून घातलेले कळत होते, कारण तूपकट तवंग कुठेच नव्हता. सगळा स्निग्धांश रश्श्यात एकजीव झाला होता. मशरूम वेगळे, कोरडे भाजून वरून टाकलेले होते, त्यामुळे त्यांची कड कुरकुरीत राहिली होती.

अर्धी डिश मिळेल का, असे मी ऑर्डर देताना विचारले होते. त्या तरुणाने सांगितले, "अर्धा रिसोटो नीट होत नाही, सर. पूर्ण करतो आणि दोन ताटल्यांत वाढून आणतो." हा सल्ला रास्त होता आणि त्याने शब्द पाळला. माझ्या वाटणीचे मोजून सतरा घास झाले. मोजले कारण सवय, पण या वेळी आकडा मोठा असावा अशी इच्छा होती.

आता ती तक्रार. मुख्य पदार्थ म्हणून आम्ही दोघांत एक मासा मागवला होता. पांढऱ्या माशाचा जाड तुकडा, कुरकुरीत कातडी आणि सोबत बर ब्लाँ, म्हणजे व्हाइट वाइन, व्हिनेगर आणि बारीक चिरलेला छोटा कांदा आटवून त्यात गार बटरचे तुकडे एकेक करून फेटत केलेला फ्रेंच सॉस. हा सॉस स्वभावाने रुसका आहे. फार तापला किंवा फार निवला तर फुटतो. त्याच सुमारास शेजारी दहा-बारा जणांचा एक कंपू येऊन बसला होता आणि स्वयंपाकघराची तारांबळ उडालेली दिसत होती. आमचा मासा अर्ध्या तासाहून उशिरा आला तेव्हा ताटलीच्या कडेने पिवळ्या तेलाचे वर्तुळ फिरले होते आणि मधे पांढरट कण उरले होते. सॉस फुटला होता. ताटली तयार होऊन दिव्याखाली वाट पाहत राहिली होती हे उघड होते, कारण कातडीही नरम पडली होती. एरवी मी गप्प बसून खाल्ले असते. पण जो माणूस अकरा आठवड्यांनी बटर खातो आहे, त्याला फुटलेले बटर चालत नाही.

तरुणाने ताटलीकडे एकदा पाहिले, सबब सांगितली नाही आणि ती उचलून नेली. पंधरा मिनिटांत नवा मासा आला, सॉस या वेळी मखमलीसारखा, चमच्याच्या पाठीवर थर धरणारा, आंबटपणा इतका अचूक की बटर जड वाटू नये. बिलातून काही वगळले गेले नाही आणि बिनचूक ताटली मिळाल्यावर मला ते वगळायला सांगावेसेही वाटले नाही. मात्र मोठा कंपू आला की दोघांच्या टेबलाकडे दुर्लक्ष होते, हा दोष खराच आहे.

त्या पंधरा मिनिटांत दोन गोष्टी घडल्या. एक चूक माझी. ‘मोडलेच आहे तर’ या भावनेने मी फ्राइज मागवल्या. हे मन कसे चालते ते हर्मन आणि मॅक या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच दाखवले होते: आधी मिल्कशेक प्यायला दिल्यावर साधी माणसे आइस्क्रीम कमी खात होती, डाएटवाली मात्र मिल्कशेक न मिळालेल्या डाएटवाल्यांपेक्षाही जास्त खात होती. बांध एकदा फुटला की पाणी अडवण्यात कोणाला रस उरत नाही. फ्राइज उंच, अरुंद पत्र्याच्या पेल्यात आल्या. दिसायला देखण्या, पण आतल्या वाफेने तळाच्या सगळ्या लिबलिबीत झालेल्या. वरच्या सात-आठ बऱ्या होत्या. तरीही मी पेला रिकामा केला, आणि त्या रात्रीचा हा एकच भाग मला परत करता आला असता तर मी केला असता.

दुसरी गोष्ट अशी की पत्नीने मला तिच्या ऑफिसातली एक हकीकत सांगितली, बदलीची आणि त्यावरून झालेल्या वादाची. ती महिनाभर जुनी होती. "तू तेव्हा प्रथिनांबद्दल बोलत होतास," ती म्हणाली. टेबले एकमेकांपासून पुरेशी लांब आहेत आणि संगीत हळू आहे, हे या रेस्टॉरंटचे गुण मी त्या वेळी मनात नोंदवले, कारण मला तिचे प्रत्येक वाक्य नीट ऐकू आले आणि शेजाऱ्यांना, माझ्या अंदाजाने, एकही नाही.

पोट तुडुंब भरल्यावरही गोडासाठी जागा का निघते, याचे उत्तर बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे: खाल्लेल्या चवीचा कंटाळा येतो, न खाल्लेल्या चवीची ओढ तशीच राहते. योगायोग असा की त्याच वर्षी फ्रान्समध्ये मिशेल ब्रास या शेफने आतून वाहणारा चॉकलेट केक सिद्ध केला, ज्यात गोठवलेला चॉकलेटचा गोळा पिठात दडवून भाजला जातो. आज बहुतेक ठिकाणी मिळतो तो सोपा प्रकार, म्हणजे मधोमध मुद्दाम कच्चा ठेवलेला केक, आणि त्याचे सगळे यश भट्टीतल्या एका मिनिटावर असते. एक मिनिट जास्त झाले तर तो नुसता केक, कमी झाले तर नुसते पीठ.

आम्ही एकच मागवला, दोन चमचे. पहिला चमचा तिने मारला. बोटाच्या पेराएवढी भाजलेली भिंत तुटली आणि आतून काळे, चकचकीत चॉकलेट सावकाश बाहेर येऊन आइस्क्रीमच्या गोळ्याला टेकले. जिथे टेकले तिथे आइस्क्रीम वितळू लागले आणि चॉकलेट घट्ट होऊ लागले. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळते, शरीराच्या तापमानाहून जरा खाली, म्हणून चांगले चॉकलेट चावावे लागत नाही. हे चॉकलेट चांगले होते. कडवट, साखरेने न दबलेले, शेवटी मिठाची अगदी पुसट चाहूल. ताटली धुवायची गरज उरू नये इतकी आम्ही ती स्वच्छ केली.

बिल आमच्या घरच्या आठवडाभराच्या किराण्याएवढे झाले. रोजच्या जेवणासाठी ही जागा नाही. वर्षातून तीन-चार वेळा, ठरवून जाण्यासाठी आहे, आणि त्या हिशेबाने ते मला जास्त वाटले नाही. वाइनचा एकेक ग्लास मात्र त्या बिलात उगाच वजन टाकून गेला.

परतीच्या वाटेवर पत्नीने विचारले, "आकडा किती?" माझे ओठ हलत होते म्हणे. ढोबळ मानाने २४०० होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन १.४ किलोने वाढलेले दिसले आणि क्षणभर पोटात गोळा आला, पण तेवढी चरबी एका रात्रीत चढायची तर जवळपास १०,८०० कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. शरीर पिष्टाचा जो साठा करते त्याच्या दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते, आणि वरून ते मीठ. सोमवारी काटा जुन्या जागी आला.

पुढच्या वेळचे ठरलेले आहे. रात्री साडेसातच्या आधी टेबल, म्हणजे मोठ्या कंपूची गर्दी सुरू होण्यापूर्वी मासा येईल. सॅलड नाही, फ्राइज नाहीत. रिसोटो दोन ताटल्यांत. आणि ब्रेडच्या टोपल्या दोन, एक तिच्या बाजूला.