ओस्टरसुंदजवळची येम्टहुंडसोबतची जंगलफेरी

स्वीडनच्या येम्टलँड प्रांतात, ओस्टरसुंद शहरालगतच्या जंगलात एक स्थानिक शिकारी चालवत असलेली ही फेरी, ज्यांना कुत्र्याला नुसते गोंजारायचे नसून त्याचे काम पाहायचे आहे, त्यांनी आवर्जून करावी. येम्टहुंड ही मूस या थोराड हरणाच्या शिकारीसाठी जोपासलेली कुत्र्यांची स्पिट्झ, म्हणजे टोकदार उभ्या कानांची आणि वळलेल्या शेपटीची, जात. नॉर्वेच्या करड्या एल्कहाउंडपासून वेगळी जात म्हणून तिला १९४६ मध्ये मान्यता मिळाली. आमच्यासोबतची कुत्री अंगाने करडी, गालांवर आणि गळ्याशी फिकट सायीच्या रंगाची होती. लांब दोरीवर चालताना ती वाऱ्याकडे नाक उंचावून क्षणभर थबके आणि मग जराही आवाज न करता मालकाला ओढत नेई. हीच कुत्री मोकळी सोडल्यावर मूसला गाठते आणि शिकारी पोहोचेपर्यंत भुंकून भुंकून त्याला जागच्या जागी कशी रोखून धरते, हे मार्गदर्शकाने फार मन लावून समजावले. दर वाजवी आहे. मात्र गट मोठा असल्याने मागच्यांना बरेचसे ऐकू येत नव्हते, ही उणीव दूर व्हायलाच हवी. वाट दलदलीची असल्याने गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट स्वतःचे न्यावेत.