मूल बिघडलंय म्हणता, पण आधी दाखवायचं कोणाला?

नऊ-दहा वर्षांचं मूल अचानक मारामारी करू लागतं, खोटं बोलतं, पुन्हा अंथरूण ओलं करू लागतं. घरात निकाल तयार असतो: ‘लाडावलाय’, नाहीतर ‘बापाच्या वळणावर गेलाय’. नाशिकमध्ये अशा वेळी पालकांपुढे साधारण तीन दारं असतात.

शाळेत समुपदेशक असतील तर ते सर्वांत जवळचे. मूल त्यांच्या रोज नजरेसमोर असतं, पैसेही लागत नाहीत. पण निदान आणि औषध हे त्यांचं काम नाही.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात, मुलाशी आठवड्यामागून आठवडे बोलतात, आईवडिलांनाही शिकवतात. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे खासगीत दाखवायचं तर खर्चाची तयारी हवी.

मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असतात. झोप उडाली असेल, मूल स्वतःला इजा करत असेल, मरणाचं बोलत असेल, तर थेट त्यांच्याकडेच जा. पैशांची अडचण असेल तर सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे.

माझ्या मते पदवीइतकंच महत्त्वाचं आहे ते पहिल्या भेटीत काय विचारलं जातं. घरात दारू, मारझोड, आईवडिलांची भांडणं, कोणाचा मृत्यू, हे विचारलं का? मुलाशी एकट्याने बोलले का? मार खाणारं किंवा लैंगिक अत्याचार सोसणारं मूलही चंचल दिसतं, अभ्यासात लक्ष देत नाही, दचकतं, चिडतं. वरवर पाहिलं तर अतिचंचलतेचा विकारच वाटतो. घरातला मार चालूच असेल, तर नुसत्या गोळीने काय साधणार? केंद्र सरकारच्या 2007 च्या 13 राज्यांतल्या अभ्यासात दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक छळ सोसलेला आढळला. कुटुंबात मार खाणाऱ्यांना मारणारे बहुतेक वेळा आईवडीलच होते.

लैंगिक अत्याचाराचा संशय असेल, तर कोणाला दाखवू यात दिवस घालवू नका. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर किंवा पोलिसांना कळवा. 2012 च्या पोक्सो कायद्याने ते कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टरांनाही. म्हणून ‘हे कोणालाच सांगणार नाही’ असं वचन मुलाला देऊ नका.

सुरगाणा, पेठकडच्या घरांना दर आठवड्याला नाशिक गाठणं जड जातं. त्यांनी पहिल्याच भेटीत तसं सांगावं आणि मधल्या काळात घरी काय करायचं ते लिहून मागावं. फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणाऱ्या टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.