थेट चार वर्षं की दोन अधिक दोन? कॅलिफोर्नियातल्या बारावीच्या घरांसाठी

मार्चचा शेवटचा आठवडा आला की बे एरियातल्या मराठी घरांतले फोन वाढतात. यूसीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, निकाल लागलेले असतात आणि १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो. मधल्या महिन्याभरात आई-बाबा, आजी-आजोबा आणि पुण्याचा मामा मिळून एका पोराचं काय करायचं ते ठरवतात. यंदा पहिला फोन फ्रीमाँटच्या मैत्रिणीचा आला. "अगं, हिला रिव्हरसाइड मिळालंय सायकॉलॉजीला. पण हिला यूसीएलएच हवंय. म्हणते, डी अँझाला जाते, दोन वर्षांनी ट्रान्सफर घेते. वेड लागलंय का हिला?"

रिव्हरसाइड आणि यूसीएलए हे यूसीचेच कॅम्पस, आणि डी अँझा हे इथलं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज. वेड वगैरे काही लागलेलं नव्हतं. माझी मोठी लेक बारावीनंतर थेट यूसीत गेली, धाकटा कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांनी गेला. दोघांची बिलं आम्हीच भरली आणि दोघांची रडारड याच स्वयंपाकघरात ऐकली. म्हणून दोन्ही वाटांविषयी थोडं सविस्तर लिहिते.

कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आपल्या डोक्यात आयटीआय येतं, पण जवळचं उदाहरण डिप्लोमाचं आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निक करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. इथला जिना तसाच आहे, आणि तो मुद्दाम बांधलेला आहे. १९६० च्या मास्टर प्लॅनमध्ये कॅलिफोर्नियाने ठरवलं की हायस्कूलमधली वरची एक अष्टमांश मुलं यूसीने घ्यायची, वरची एक तृतीयांश कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने (सीएसयू), आणि कम्युनिटी कॉलेजचं दार सगळ्यांना उघडं ठेवायचं, तिथून दोन वर्षांनी वर चढता येईल असं. आज अशी ११६ कॉलेजं आहेत. वर चढलेल्याच्या पदवीवर तो कुठल्या दाराने आत आला हे लिहिलेलं नसतं. ॲपलचा स्टीव्ह वॉझ्नियॅक पहिल्या वर्षी कोलोरॅडोला गेला होता. पुढे तो डी अँझात आला आणि तिथून बर्कलीला गेला. हे उदाहरण आजोबांना सांगायला बरं पडतं.

आधी विषय विचारा, कॉलेज नंतर

आपल्याकडे चर्चा कॉलेजच्या नावावरून सुरू होते. ती विषयावरून सुरू व्हायला हवी, कारण एकाच विद्यापीठात दोन विषयांची दारं वेगवेगळ्या रुंदीची असतात. यूसीएलएत बारावीनंतर अर्ज करणाऱ्या शंभरातल्या नऊ-दहा जणांना प्रवेश मिळतो. ट्रान्सफरने अर्ज करणाऱ्यांत हे प्रमाण पाव भागाच्या आसपास जातं. ऐकायला छान वाटतं. पण त्याच यूसीएलएत कॉम्प्युटर सायन्सला ट्रान्सफरवाल्यांचं प्रमाण एक-आकडी टक्क्यांवर येतं. बर्कली आणि सॅन डिएगोलाही या विषयाची हीच रडकथा.

म्हणून माझं मत सरळ आहे. मुलाला कॉम्प्युटर सायन्सच करायचं असेल आणि राज्यातल्या कुठल्याही बऱ्या विद्यापीठात, अगदी सीएसयूच्या सॅन होजे स्टेटमध्येही, त्या विषयाला थेट प्रवेश मिळाला असेल, तर तो दोन्ही हातांनी घ्या. "दोन वर्षांनी याहून मोठं नाव मिळेल" म्हणून हातातली जागा सोडू नका. सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, इतिहास असे विषय असतील, तर मात्र ट्रान्सफरची वाट कित्येकदा थेट वाटेपेक्षा मोकळी असते.

या वाटेवर 'टॅग' नावाची एक सोय आहे. डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ ही सहा यूसी कॅम्पस कम्युनिटी कॉलेजच्या मुलाला लेखी हमी देतात: ठरलेले कोर्स, ठरलेला जीपीए (मार्कांची सरासरी) पुरा कर, जागा तुझी. हमी एकाच कॅम्पसची मागता येते आणि अर्ज १ ते ३० सप्टेंबरमध्येच करावा लागतो. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो या भानगडीत पडत नाहीत. शिवाय कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनिअरिंगचे बरेच विषय काही कॅम्पस टॅगमधून वगळतात. स्टेट युनिव्हर्सिटीसाठी २०१० च्या कायद्याने आलेली वेगळी 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' आहे. तिची हमी अख्ख्या सीएसयूमधल्या जागेची असते, तुमच्या आवडत्या कॅम्पसची नव्हे. सॅन होजे डोळ्यांसमोर ठेवून ती घेणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

मैत्रिणीच्या मुलीचे बाबा एक मधली वाट सुचवत होते: "रिव्हरसाइड घेऊ, मग तिथूनच यूसीएलएला ट्रान्सफर मारू." हे जमण्यासारखं आहे, पण ट्रान्सफरमध्ये यूसी पहिली पसंती कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना देते. दुसऱ्या यूसीतून आलेला त्यांच्या मागे उभा राहतो.

दोन रकाने

असिस्ट नावाची सरकारी वेबसाइट आहे. तिथे आपलं कॉलेज, हवं ते विद्यापीठ, वर्ष आणि विषय निवडला की एक करारपत्रक उघडतं. डावीकडे विद्यापीठाचा कोर्स, उजवीकडे त्याच्या जागी चालणारा कॉलेजचा कोर्स. काही ओळींत उजवीकडे 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणजे तुमच्या कॉलेजात त्याला तोड नाही.

धाकट्याच्या वेळी आमचं इथेच चुकलं. कॉलेजातल्या एका सल्लागारांनी एक प्रोग्रॅमिंगचा कोर्स सुचवला. "ट्रान्सफरेबल आहे," म्हणाले. होताच. त्याची युनिट, म्हणजे क्रेडिट, यूसीने मोजून घेतली असती. पण धाकट्याच्या मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, अट पुरी करणारा कोर्स वेगळाच होता, आणि ते आम्हाला तीन महिन्यांनी, रात्री अकराला, जेवणाच्या टेबलावर उजवा रकाना वाचताना कळलं. युनिट जमा होणं वेगळं आणि मेजरची अट पुरी होणं वेगळं. हे वाक्य तेव्हा कुणी सांगितलं असतं तर एक अख्खं क्वार्टर (तीनेक महिन्यांचं सत्र) वाचलं असतं. सल्लागार वाईट नसतात, पण एकेकाकडे शेकड्याने मुलं असतात. सल्ला घ्या आणि रकानाही स्वतः वाचा.

थेट चार वर्षांना गेलेल्या मुलीला हा हिशोब करावा लागला नाही. विद्यापीठाने तिच्या पुढ्यात कोर्सची यादी ठेवली, एखादा चुकला तर पुढच्या वर्षी घेतला. तिने पहिल्या वर्षी बायोलॉजीवरून इकॉनॉमिक्सवर उडी मारली, काही बिघडलं नाही. कम्युनिटी कॉलेजच्या मुलाने दुसऱ्या वर्षी अशी उडी मारली तर बहुतेक वेळा तिसरं वर्ष लागतं. ज्याला काय करायचं ते अजून ठरत नाही, त्याला "जरा डी अँझात राहून ठरव" असं आपण सांगतो. स्वस्तात विचार करायला जागा मिळते हे खरं, पण दोनच वर्षांत वर जायचं असेल तर विचार करायला वेळ मिळत नाही.

कारण दोन वर्षं ही नुसती म्हणायला. सप्टेंबरच्या शेवटी वर्ग सुरू होतात. पुढच्या सप्टेंबरमध्ये टॅगचा अर्ज, नोव्हेंबर संपेपर्यंत यूसीचा अर्ज. त्या वेळी दाखवायला एका वर्षाचे मार्क असतात, जानेवारीत त्यात आणखी एका क्वार्टरची भर घालता येते. हायस्कूलचे मार्क यूसी ट्रान्सफरला बघत नाही, एसएटी या प्रवेश परीक्षेचा प्रश्न नाही, निबंध मात्र चार लिहावे लागतात. ज्याचं हायस्कूल बिघडलं त्याला ही कोरी पाटी म्हणजे वरदान आहे. पण पाटी लहान आहे. पहिल्याच क्वार्टरला दोन सी आले तर ते झाकायला पुढे फारशा ओळी उरत नाहीत.

इंजिनिअरिंगवाल्यांची साखळी तर आणखी ताठ. डी अँझात गणित १ए, १बी, १सी, १डी, मग २ए आणि २बी. फिजिक्स ४ए ते ४डी. एक सुटला की पुढचा अडतो. नव्या मुलांची नोंदणीची तारीख जुन्यांच्या नंतर येते, तोवर सकाळचे वर्ग भरलेले असतात आणि वेटलिस्टवर सातवा नंबर लागतो. पहिल्या तासाला वर्गात जाऊन बसायचं, शिकवणाऱ्यांना विचारून जागा मिळवायची, हे ज्या मुलाला स्वतःहून सुचतं त्याचं तिथे निभतं. ज्याला प्रत्येक वेळी आई आठवण करते त्याचं कठीण.

राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये जो अहवाल दिला तो म्हणूनच वाचण्यासारखा आहे. २०१७ ते २०१९ मध्ये ट्रान्सफरच्या इराद्याने आलेल्या पाच मुलांपैकी साधारण एकच चार वर्षांच्या आत ट्रान्सफर झाला होता. कम्युनिटी कॉलेजात कितीतरी जण नोकरी करून, घर चालवून शिकतात. तुमचं मूल त्या अर्थाने सरासरीतलं नाही. तरी आकडा आकडाच आहे.

पैसे

कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजची फी सेमिस्टर पद्धतीत युनिटला ४६ डॉलर पडते, डी अँझा आणि फुटहिलसारख्या क्वार्टरच्या कॉलेजात ३१. ट्रान्सफरला लागणारी ९० क्वार्टर युनिट धरली तर दोन वर्षांचे २,७९० डॉलर झाले, वर किरकोळ फी आणि पुस्तकं. पहिल्यांदाच कॉलेजात येऊन पूर्ण वेळ शिकणाऱ्यांची तीही बऱ्याच ठिकाणी माफ होते. यूसीची नुसती फी वर्षाला १५ हजारांच्या घरात, आणि हॉस्टेल-जेवण धरून वर्षाचा आकडा ४० हजारांच्या पुढे जातो.

या आकड्यांत एक गंमत लपलेली आहे. दोन वर्षांत जी बचत होते तिच्यात फीचा वाटा लहान आणि खोलीभाडं-जेवणाचा मोठा. खरी बचत होते ती मूल घरी राहतं म्हणून. म्हणून सॅन होजे स्टेटला घरून जाणाऱ्या मुलासाठी हा सगळा वाद बराचसा निरर्थक आहे. तिथली फी मुळात यूसीच्या निम्म्याच्या आसपास, आणि पोहे दोन्हीकडे आईच्याच हातचे. उत्पन्न कमी असलेल्या घरांना यूसीत फीची मदत चांगली मिळते, त्यांनी तो कागद हातात आल्याशिवाय काही ठरवू नये. आणि तुलना परराज्यातल्या खासगी विद्यापीठाच्या पूर्ण फीशी असेल, तर माझ्या मते चर्चेला फारशी जागा उरत नाही. पहिल्या दोन वर्षांचं कॅल्क्युलस शिकायला एवढं कर्ज काढू नये.

भाच्याला पुण्याहून थेट इथल्या कम्युनिटी कॉलेजात आणायचं म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला फी कितीतरी पट जास्त पडते, डी अँझाच्या कॅम्पसवर हॉस्टेल नाही, आणि क्युपर्टिनोतलं खोलीभाडं तुम्हाला माहीतच आहे.

एच-४ वरच्या, म्हणजे आई-बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलांचं मात्र नीट बघा. एकविसावा वाढदिवस झाला की एच-४ संपतो. थेट गेलेलं मूल तेव्हा तिसऱ्या वर्षात रुळलेलं असतं. ट्रान्सफरवालं मूल त्याच सुमारास नव्या विद्यापीठाच्या उंबरठ्यावर असतं, आणि तिथे रहिवासी कोण, परका कोण हे नव्याने ठरवलं जातं. परका ठरलात तर यूसीत वर्षाला ३० हजारांहून जास्त जादा फी लागते. इथेच हायस्कूल केलेल्यांसाठी सवलती आहेत, पण तुमच्या व्हिसाला त्या लागू होतात का ते त्या कॅम्पसच्या रेसिडेन्सी ऑफिसकडून लेखी घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका.

घरी आणि तिकडे

लेकीला पहिल्याच वर्षी हॉस्टेल मिळालं, तीन मैत्रिणी मिळाल्या, त्या आजही आहेत. धाकटा दोन वर्षं बसने कॉलेजला गेला, वर्ग संपला की परत. त्याचे हायस्कूलचे मित्र डेव्हिस-अर्वाइनला गेले होते आणि त्यांचे फोटो रोज फोनवर दिसायचे. दिवाळीच्या कार्यक्रमात कुणीतरी विचारायचं, "मग, कुठे घेतलीस ॲडमिशन?" आणि उत्तरानंतर समोरचा पटकन विषय बदलायचा. तो पुढे पुढे कार्यक्रमाला यायचाच बंद झाला. याचा हिशोब डॉलरमध्ये करता येत नाही, पण करायला हवा.

वर गेल्यावर दुसरी धाप लागते. डिप्लोमाची मुलं दुसऱ्या वर्षाला येऊन एम-थ्रीला (इंजिनिअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरला) अडखळायची, आठवतं? इथेही पहिल्या क्वार्टरला मार्क घसरतात. वर पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचे अर्ज नेमके त्याच ऑगस्ट-ऑक्टोबरमध्ये असतात. बाकीच्यांच्या हाताशी दोन वर्षांच्या ओळखी, क्लब, प्राध्यापकाकडचं थोडंफार काम असतं. ट्रान्सफरवाला अजून लायब्ररी कुठे आहे ते शोधत असतो. धाकट्याची पहिली इंटर्नशिप त्यामुळे हुकली. उलट बाजूही सांगते. कम्युनिटी कॉलेजात त्याच्या कॅल्क्युलसच्या वर्गात तीस-चाळीस मुलं होती आणि सरांना त्याचं नाव माहीत होतं. लेकीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात तीनशे मुलं होती.

आता मैत्रिणीच्या मुलीचं. तिचा विषय सायकॉलॉजी, नागरिकत्व इथलं, मार्क चांगले, स्वतःचा गजर स्वतः लावून उठणारी मुलगी. रिव्हरसाइड हे टॅगच्या सहांतलंच एक आहे. म्हणजे यूसीएलए हुकलं तरी आज जे हातात आहे ते दोन वर्षांनी पुन्हा, हमीसकट, मागता येईल. हिच्या बाबतीत मी डी अँझाच्या बाजूने आहे.

तिला मी एक काम दिलंय. असिस्टवरची यूसीएलए आणि रिव्हरसाइडची पत्रकं छापायची, फ्रिजवर शेजारी-शेजारी लावायची, आणि उजव्या रकान्यातल्या प्रत्येक कोर्सपुढे तो कोणत्या क्वार्टरला घेणार ते पेन्सिलीने लिहायचं. सगळं सहा क्वार्टरमध्ये बसलं तर डी अँझा. नाही बसलं, तर १ मेच्या आत रिव्हरसाइडचं डिपॉझिट भरायचं.