बीसी-३४८ रेडिओ घेताना फसलो, जुने व्हॉल्व्हचे (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या नळ्यांचे) सेट घेणाऱ्यांनी प्लीज वाचा

दोन महिने झाले या गोष्टीला, रागाच्या भरात लिहायचं नव्हतं म्हणून थांबलो होतो. पण मागच्या आठवड्यात जे दिसलं त्यानंतर गप्प बसणं बरोबर वाटेना.

आमचे अप्पा हवाई दलात रेडिओ फिटर होते. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली अमेरिकन लिबरेटर विमानं एचएएलने दुरुस्त करून उडती केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली, त्यातली काही लोहगावला होती आणि अप्पा भरती झाल्यावर पहिली काही वर्षं त्यांच्यावरच होते. त्या विमानातला रिसीव्हर म्हणजे बीसी-३४८. अप्पा आता ब्याऐंशीचे आहेत, हात थरथरतात, पण त्या सेटचा विषय निघाला की डायल कसा फिरायचा ते हवेत बोटांनी करून दाखवतात. माझ्याकडे हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स आहे, ४० मीटरच्या बँडवर रोज सकाळी असतो, तेव्हा म्हटलं हाच सेट आणायचा, अप्पांनी लावायचा आणि आपण दोघांनी ऐकायचं.

ऑनलाइन जाहिरात दिसली, बीसी-३४८-क्यू, "सगळे कंडेन्सर नवीन, एसी पॉवर सप्लाय बसवलेला, चालू कंडिशन". किंमत ३८ हजार. फोटोत चासीच्या (आतल्या पत्र्याच्या सांगाड्याच्या) खाली पिवळेधमक नवे कंडेन्सर ओळीने दिसत होते, वरून रंग चकाचक. व्हिडिओ पण पाठवला, स्विच टाकला की लगेच स्पीकरमधून आकाशवाणी पुणे, प्रादेशिक बातम्या, खणखणीत आवाज. मी म्हटलं येऊन बघतो तर म्हणाला मी बाहेरगावी आहे आणि दुसरं गिऱ्हाईक पैसे घेऊन बसलंय, तुम्ही अर्धे टाका तर तुमच्यासाठी ठेवतो. अर्धे टाकले, मग "पॅकिंगच्या आधी पूर्ण द्यावे लागतील", तेही टाकले. सगळे यूपीआयने.

सेट आला. जुना सेट मी कधीच डायरेक्ट मेन्सला लावत नाही, ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाकूनच लावतो आणि तेवढ्यानेच ट्रान्सफॉर्मर वाचला. स्विच टाकल्यावर बल्ब एकदम फुल पेटला आणि तसाच राहिला. चांगल्या सेटमध्ये तो क्षणभर उजळून मग मंद होतो. एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह ५वाय३ काढला तर बल्ब मंद झाला, म्हणजे शॉर्ट एचटीच्या, व्हॉल्व्हना लागणाऱ्या जास्त व्होल्टेजच्या, बाजूला. फिल्टर कंडेन्सर मोजला, शून्य ओहम, म्हणजे आरपार शॉर्ट. फ्यूजच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळलेली. ती तार टाकणाऱ्याला शॉर्ट माहीत नव्हता हे मला कोणी सांगू नये.

मग सेट उलटा करून त्या पिवळ्या कंडेन्सरांकडे आलो. पहिल्याला चिमट्याने हलवलं तर तो सरळ हातात आला. एक पाय नुसता टॅगला टेकवून ठेवलेला, दुसरा पाय मुळापाशी कापलेला आणि खाली गोंद. असे अकरा कंडेन्सर. सर्किटमध्ये एकही नाही, नुसते फोटोसाठी चिकटवलेले. खरे जुने पेपर कंडेन्सर चौकोनी डब्यांत होते तसेच, सगळे लीक, म्हणजे अडवायचा तो डीसी करंट सोडणारे, आणि आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (सिग्नल घेणाऱ्या टोकावर) जाणारा कपलिंग कंडेन्सर पण लीक. असा कंडेन्सर चालत्या सेटमध्ये राहिला तर ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज जाऊन आउटपुट व्हॉल्व्हची आतली प्लेट तापून लाल होते. दोन धातूच्या व्हॉल्व्हवर ६एसके७ असं ताजं पांढरं छापलेलं, टॉर्च तिरका धरल्यावर खाली जुना शिक्का दिसला, ६एसजे७. पिना जवळपास त्याच, सॉकेटमध्ये बसतो आणि तापतो पण, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण आपोआप गेन कमीजास्त करायला जो व्हॉल्व्ह लागतो तो हा नव्हे. आणि धातूच्या व्हॉल्व्हमध्ये आतला गेटर (काचेच्या व्हॉल्व्हवर दिसतो तो चंदेरी डाग) दिसत नाही त्यामुळे वरच्या छापावरच विसंबावं लागतं.

स्पीकरला आवाज देणाऱ्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी वाइंडिंग ओपन (तुटलेली) होती, तुटलेल्या तारेच्या टोकाला हिरवा गंज. म्हणजे या सेटमधून कितीतरी वर्षांत आवाजच आलेला नाही. मग व्हिडिओत बोलत काय होतं?

ते अप्पांनी सांगितलं. मी त्यांना दाखवणार नव्हतो, पण त्यांनीच मागितला. चष्मा लावून एकदा बघितला आणि म्हणाले, "अरे, हा स्विच टाकल्या टाकल्या बोलतोय. व्हॉल्व्ह तापायला वीसतीस सेकंद लागतात की." मग थोडं थांबून, "आणि हे पुणे केंद्र कसं लागेल यावर? यात मीडियम वेव्ह नाहीच." खरंच नाहीये. बीसी-३४८ चे बँड २०० ते ५०० किलोहर्ट्झ आणि मग थेट १.५ ते १८ मेगाहर्ट्झ, पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झवर, मधल्या गाळ्यात. स्पीकरच्या मागे कुठलातरी छोटा ट्रान्झिस्टर लावला होता. मला हे सगळं पाठ आहे, तरी पैसे टाकताना माझं लक्ष फक्त आवाजाकडे होतं.

विक्रेता आधी म्हणाला कुरिअरवाल्याने आदळला असेल, मी कापलेल्या पायांचे फोटो पाठवल्यावर ब्लॉक केलं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर, तक्रार नोंदवली, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण. पैसे अजून आलेले नाहीत. तुमचं असं काही झालं तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, चॅट, पेमेंटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि १९३० ला त्याच दिवशी फोन करा, मी चार दिवस विक्रेत्याच्या मागे घालवले.

घेण्याआधी व्हिडिओ मागाल तर असा मागा: सेट थंड असताना हात लावून दाखवायचा, मग स्विच, कॅमेरा न थांबवता आवाज येईपर्यंत, मग डायल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि प्रत्येक बँड. अँटेना काढून परत लावायला सांगा, आवाज बदलला पाहिजे. खालून फोटो मागाल तर कंडेन्सरचे दोन्ही पाय दिसतील असा मागा. आणि घरी आल्यावर आत हात घालण्याआधी प्लग काढून फिल्टर कंडेन्सर रेझिस्टरने डिस्चार्ज करा, एचटी म्हणजे दोनशेच्या वर व्होल्ट असतात, प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये शिल्लक राहतात.

मागच्या आठवड्यात जे दिसलं ते म्हणजे दुसऱ्या नावाने दुसरी जाहिरात, किंमत ४५ हजार, आणि व्हिडिओ तोच. डायलच्या काचेवर उजवीकडे खाली एक आडवा चरा आहे, तो चरा आत्ता माझ्या टेबलावर माझ्यासमोर आहे. मी रिपोर्ट केलंय पण ती जाहिरात हे लिहिताना अजून चालूच आहे. स्विच टाकल्याबरोबर प्रादेशिक बातम्या लागतात, त्यावरून ओळखा.