रविवारचे श्रमदान: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

नाशिकमध्ये पेठ रोडच्या बाजूला एका टेकडीवर दर रविवारी सकाळी साडेसहा ते नऊ या वेळेत झाडे लावण्याचे आणि जगवण्याचे श्रमदान चालते. दोन पावसाळे आणि त्यांच्या मधला एक उन्हाळा मी तेथे नियमित जात आहे. पुढे काही उणिवाही लिहायच्या असल्यामुळे गटाचे नाव देत नाही. स्वयंसेवक म्हणून कोठे जावे हे ठरवताना काय पाहावे, एवढे यातून कळले तरी पुरे.

त्याआधी मी शहरातील एका मोठ्या वृक्षारोपण कार्यक्रमाला गेले होते. तेथे टी-शर्ट मिळाला, पोहे मिळाले, पाहुण्यांची भाषणे दीड तास चालली आणि जेसीबीने आधीच काढून ठेवलेल्या खड्ड्यांत आम्ही पंधरा मिनिटांत रोपे उभी केली. कित्येकांनी काळी पिशवी फाडलीसुद्धा नव्हती. दिवाळीनंतर मुद्दाम पाहायला गेले, तेव्हा गवतात पिशव्या सापडल्या, रोपे नाहीत. प्रमाणपत्र मात्र अजून कपाटात आहे.

टेकडीवर पहिल्या दिवशी मला कोणी रोपाला हात लावू दिला नाही. मे महिना होता आणि हाती पहार आली. येथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो, त्यामुळे दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा काढायला दोघांची एक सकाळ जाते. हे खड्डे उन्हात तापू देतात, मग त्यांत पोयट्याची माती, कुजलेले शेणखत आणि वाळवीसाठी निंबोळी पेंड मिसळून भरतात. जमीन चांगली भिजल्याशिवाय लागवड सुरू करत नाहीत. पिशवी तळापासून चिरायची, गुंडाळी झालेली मुळे छाटायची, उतारावर असेल तर आळ्याचा बांध खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती घालायचा, हे सारे येथील एक ज्येष्ठ गृहस्थ प्रत्येक नव्या माणसाला स्वतः करून दाखवतात. त्यांची जीभ थोडी तिखट आहे. रोपासोबत छबी काढणाऱ्या एका तरुणाला ते म्हणाले, “अहो, फोटो नंतर काढा, आधी आळं नीट करा.” मला ते आवडले, तो तरुण पुन्हा दिसला नाही.

झाडांची निवड हा या उपक्रमाचा सर्वांत भक्कम भाग आहे. पळस, बहावा, काटेसावर, आपटा, खैर, धावडा, मोह अशी येथील कोरड्या टेकड्यांना मानवणारी झाडे वर लावली जातात आणि ओहोळाच्या काठी अर्जुन, करंज, उंबर. पूर्वी भराभर वाढते म्हणून डोंगरांवर गिरिपुष्प हे परदेशी झाड लावले गेले, ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात. ती चूक पुन्हा नको, असा गटाचा आग्रह आहे. सातपूरजवळ फाशीच्या डोंगरावर २०१५पासून लोकसहभागातून देशी झाडांची जी देवराई उभी राहिली, ती पाहिलेल्यांना हा आग्रह वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तरीही येथे एक घोटाळा झालाच. राज्यपुष्प म्हणून कौतुकाने आणलेली ताम्हणाची रोपे माथ्यावर लावली गेली. ताम्हण हे ओलाव्याचे, ओढ्याकाठचे झाड. मुरमाड माथ्यावर ती रोपे डिसेंबरातच माना टाकू लागली. चूक मान्य करून पुढच्या वर्षी ताम्हण खाली आणले गेले, हेही नोंदवले पाहिजे.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. जुलैत सत्तर माणसे असतात, एप्रिलच्या एका रविवारी आम्ही नऊ जण होतो. पायथ्याच्या टाकीतून वर पाणी चढवून, द्राक्षबागायतदारांनी दिलेल्या जुन्या ठिबकच्या नळ्यांनी ते काही ओळींपर्यंत नेले आहे. बाकीच्या ओळींना कॅन खांद्यावर घेऊनच जावे लागते. आळ्यांत वाळलेल्या गवताचे आच्छादन घातल्याने पाणी पुरवून वापरता येते. पण तेच गवत उभे राहिले तर वणव्याला आमंत्रण, म्हणून थंडीतच ते कापून टेकडीभोवती जाळरेषा काढतात. गेल्या फेब्रुवारीत पलीकडून आलेली आग त्या पट्ट्यापाशीच थांबली. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तपोवनातील झाडे तोडण्यावरून २०२५च्या अखेरीस शहरात वाद पेटला, तेव्हा “त्याऐवजी दुसरीकडे लावू” हे वाक्य फार वेळा कानी आले. ते म्हणणाऱ्या प्रत्येकाने या टेकडीवर एक उन्हाळा काढावा, असे मला मनापासून वाटले.

प्रत्येक रोपाला पत्र्याचा क्रमांक आहे आणि मेलेल्या रोपांची वहीत नोंद होते. किती लावली यापेक्षा किती मेली हे येथे आधी सांगतात. माझ्या ओळीतील ४० रोपांपैकी ३१ जिवंत आहेत.

आता गैरसोयी. स्त्रियांसाठी स्वच्छतागृहाची कसलीही सोय नाही, आणि पहाटे घर सोडून आलेल्या बाईला हा किरकोळ मुद्दा वाटत नाही. पावसाळ्यात गुडघाभर गवतात साप निघतात, तरी प्रथमोपचाराची पेटी सहा महिने मागूनही आलेली नाही. रविवारी कोठे जमायचे याचा निरोप शनिवारी रात्री दहानंतर येतो. एखाद्या कंपनीचे कर्मचारी दिवसभरासाठी आले की चांगली अवजारे त्यांच्या हाती जातात आणि नेहमीची माणसे सैल दांड्याच्या कुदळी घेऊन उभी राहतात. वर्गणी मात्र कोणी मागत नाही, भाषण कधीच नसते.

जायचे असेल तर स्वतःचे वाहन, दोन लिटर पाणी, जाड तळाचे बूट आणि हातमोजे हवेत. लहान मुलांना पावसाळ्यातच न्यावे, कारण उन्हाळ्यात साडेआठनंतर वर सावली नसते. आणि मे महिन्यात पहिल्यांदा जाणार असाल, तर रोप मिळणार नाही, पहार मिळेल.